वरच्या आळीतला विस्तव

भूत, भानामती, अंगात येणं — यातलं मी काहीही मानत नाही. हे लिहितानाही मानत नाही. कराडात वडिलांचा छोटा छापखाना. माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं आणि बुवाबाजीविरुद्धचं पहिलं पत्रक मी मॅट्रिकच्या आधी लिहिलं. न उलगडणाऱ्या अनुभवांच्या या सदरात माझं नाव बघून ओळखीचे हसतील. हसू देत... वाद घालायचाही आता कंटाळा आलाय.

माझ्या मामांचं गाव जावळी खोऱ्यात, धरणाच्या पाण्याच्या काठाला. धरण झालं तेव्हा ‘पाणी वरच्या आळीपर्यंत येणार’ म्हणून सगळं गाव उठवलं आणि जत तालुक्यातल्या माळावर नेऊन टाकलं. पाणी खालच्या शेतांत आलं आणि तिथंच थांबलं. वरच्या आळीत, मामांच्या दारापर्यंत, ते कधी आलंच नाही.

निघायच्या सकाळी ट्रक दारात उभा असताना मामींनी चुलीतला विस्तव रोजच्यासारखा राखेखाली झाकला — दुसऱ्या दिवशी फुंकून पेटवायचा असतो तसा. जतला आल्यावर मात्र त्यांनी चुलीला हात लावला नाही. “एक चूल जित्ती असताना बाईनं दुसरी पेटवू न्हाई,” एवढंच म्हणायच्या. सून रांधायची म्हणून दहा-बारा वर्षं निभावलं. मग सून मुंबईला नवऱ्याकडं गेली आणि घरात ही दोघंच उरली. मामा पलटणीतून आलेले, पण आता डोळ्यांनी अधू. भाकरी भाजता भाजता त्यांचा तळहात भाजला. शेजारची कानडी बाई रोट्टी आणून देईल तेव्हा जेवण, असं चाललेलं.

मी गेले तर मामा हाताला चिंधी बांधून बसलेले.

“एवढी पत्रकं काढतीस,” ते म्हणाले, “जगाला शानं करतीस. हिला कर की जरा.”

“लढाईत गोळीला न्हाई भ्यालासा,” मामी आतून म्हणाल्या, “आन तव्याला भ्यालासा व्हय?”

त्याच सुमारास कळलं, की सांगलीचे एक डॉक्टर मामांच्या जुन्या घराच्या जागेवर सुट्टीत राहायला बंगला बांधतायत. जागा त्यांना कशी मिळाली, हा वेगळ्या पत्रकाचा विषय. मी ठरवलं — पाया खणताना मामींना तिथं न्यायचं. खाली नुसती माती आहे हे डोळ्यांनी बघितलं की घरी येऊन चूल पेटवतील.

भूमिपूजन उरकलं. डॉक्टर माणूस भला. मामींना खुर्ची दिली, पण त्या जमिनीवरच बसल्या. माणदेशातून आलेले गडी फक्कीच्या रेघांवर चर खणायला लागले. वर दाट गवत, खाली जमीन इतकी घट्ट, की पहार लावावी लागत होती.

“बघा मामी, नुसती माती.”

“खणू दे की अजून. तुला लय घाई.”

गुडघाभर खाली राखेचा थर लागला. ठीक आहे, जुनं घर, राख असणारच. एका गड्यानं ती पाटीत भरायला हात घातला आणि ओरडत मागं सरला. “आयला! जळतंय की रं!”

“राखंला भितुयास व्हय गड्या?” दुसरा हसला.

मी चरात उतरले. फावड्याच्या टोकानं राख बाजूला केली. खाली निखारे होते. भर दुपारच्या उन्हात दिसतील इतके लाल. मी बोट लावलं... टरारून फोड आला. डॉक्टरांनीच नंतर त्याला मलम लावलं.

पण त्या क्षणी मला भीती नाही वाटली. मला हर्ष झाला. “कुणी हात लावू नका!” मी ओरडले. “पाणी इथं आलंच नाही याचा हा पुरावा! उठवलेल्या सगळ्या गावाला आणते, पेपरवाल्यांना आणते. बघू बंगला कसा उभा राहतो!”

मामींनी चराच्या काठाशी येऊन वाकून बघितलं. मग म्हणाल्या, “पोरी, तांब्या घे. खालनं धरणाचं पानी आन.”

“विझवणार? अहो मामी, तुमच्या घराचा विस्तव हा...”

“किती वर्सं राखायचा गं? तिकडं म्हाताऱ्याचा हात भाजला. दमले मी.”

मी जागची हलले नाही. मग मामी स्वतःच पूजेचा तांब्या घेऊन उतार उतरल्या, भरून आणला आणि चराच्या काठावर बसून ओतला. चर्र झालं, वाफ उठली. वाफ निवाल्यावर त्यांनी राखेत हात घालून बघितला.

“इझला,” म्हणाल्या. “आता खणा बाबांनो.”

जतला पोचल्यावर त्यांनी काडी ओढली आणि चूल पेटवली. मामा उंबऱ्यात बसून भाकरी थापल्याचा आवाज ऐकत होते. “करपली तर करपली, खावा,” मामी म्हणाल्या.

कॉलेजातले रसायनाचे सर म्हणतात, जमिनीत चुनकळी, म्हणजे न भिजवलेला चुना, असेल. पाणी लागलं की तापते. चुनकळी निखाऱ्यासारखी लाल होत नाही हे त्यांनाही माहीत आहे. कुणी म्हणतं, गड्यांनी मस्करी केली. न खणलेल्या जमिनीखाली, गवताच्या मुळांखाली? मी सगळं उलटंसुलटं करून बघितलं. हाती काही लागलं नाही.

बंगला आता उभा आहे. तो विस्तव इतकी वर्षं कसा टिकला, मला सांगता येत नाही. आणि जिथं पाणी आलंच नाही तिथून माणसं का उठवली, हे मी पत्रकांतून किती वेळा विचारलं... त्याचंही उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.