भैरवीनंतरचा चहा

त्या दिवशी मी मयेला माहेरी होते. फणसाची साटं घालायचा घाट घातला होता, हात रसाने चिकट झालेले, आणि फोन वाजला. कोरगावहून आमची शेजारीण शेवंती बोलत होती. तिला धड वाक्य जुळवता येत नव्हतं. "वयनी, मशीन उलयता... पण बाबलदा उलयना गो." मशीन बोलतंय, पण बाबलदा बोलत नाही, एवढं कळलं. मशीन म्हणजे माझ्या दिरांचा कॉम्प्युटर. दर तासाला तो आपणहून वेळ सांगायचा. शेवंती दूध घेऊन आली तेव्हा तो एकट्या खोलीला वेळ सांगत होता आणि भावजी खुर्चीत मान कलती करून बसले होते. हेडफोन काढून, वायर नीट गुंडाळून मेजावर ठेवलेला होता. म्हणजे हातातलं काम आवरून बसले होते. परतीच्या वाटेवर, डिचोलीपासून पेडण्यापर्यंत, मी स्वतःला तेवढंच सांगत राहिले.

बाबल हे त्यांचं घरातलं नाव. लहानपणी गोवर आला आणि डोळे घेऊन गेला. पुढे हाताला पेटी लागली. माझे यजमान गाणारे, भावजी धाकटे, पेटीच्या साथीला. कोरगावच्या देवळात दोघांशिवाय भजन उभं राहायचं नाही. मी लग्न होऊन आले त्याच दिवशी माझी पावलं ऐकून भावजी मला म्हणाले, "वयनी, तुझ्या चपलेचो पट्टो तुटाक इलो हा." नव्या नवरीशी बोलायची ही काय रीत, असं वाटून मी जरा घुश्शातच घेतलं. दुसऱ्या दिवशी देवदर्शनाला जाताना भर रस्त्यात पट्टा तुटला आणि मी सासूबाईंच्या मागून अनवाणी चालत देवळात गेले. पुढे कित्येक वर्षं ती गोष्ट सांगून त्यांनी मला छळलं. मीही काही गप्प बसणारी नव्हे. डिचोलीच्या शाळेत पोरांवर ओरडून तापवलेला गळा होता माझा. आमचं भांडण एकदा सुरू झालं की हे मधून उठून अंगणात काजूच्या झाडाखाली जाऊन बसायचे.

ह्यांच्या भजनाला म्हापशाचा एक हौशी माणूस रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन यायचा आणि नंतर सीडी भरून द्यायचा. अशा सीडींनी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा भरला होता. हे गेले, आणि मी तो डबा कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. लोक म्हणायचे, वहिनी, आवाज तरी आहे ना तुमच्याकडे. मला तोच नको होता. माणूस नाही आणि त्याचा गळा मात्र पडवीत गातोय, हे मला सोसणारं नव्हतं. मी ते सगळ्यांना सरळ सांगितलंही होतं.

भावजी तोवर कॉम्प्युटर शिकले होते. पणजीला अंधांसाठीचा एक वर्ग चालायचा, तिथे बसने जाऊन-येऊन शिकले. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यांनी घालून घेतला होता. त्या आवाजाला ते 'पात्रांव' म्हणायचे, कारण तो मालकासारखा सारखा हुकूम सोडत असतो. बटण दाबा, पात्रांव बोलला. चुकीचं दाबा, पात्रांव खेकसला. पडदा मात्र कायम काळा. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "उजेड कोणाक दाखवचो?" रोज चार वाजता पात्रांवाने वेळ सांगितली की मी चहा ठेवायचा, असा घरचा शिरस्ताच पडला. जरा उशीर झाला की भावजी आतून हाक मारायचे, "वयनी, पात्रांवान सांगला, तू आयकलस ना?"

अशाच एका चहाला, पोयीच्या पावाचा तुकडा बुडवता बुडवता ते म्हणाले, "वयनी, तो डबो माका दी."

"कशाक?"

"सीडींका बुरशी धरता. आणखी थोडे पावसाळे गेले की त्यातलो दादा पण जातलो." मी कपबशा उचलायला लागले तेव्हा आवाज खाली आणून म्हणाले, "तुका आयकूचा नसात तर आयकू नको. पण सांभाळूक दी."

मी अट घातली. माझ्या कानावर सूर पडला तर डबा परत कपाटात. "पडूचो नाय," ते म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी हेडफोन घेऊन आले.

मग ते काम सुरू झालं. हल्लीच्या कॉम्प्युटरला सीडीची खाच नसते, म्हणून वेगळा ड्राइव्ह आणला होता. सीडी आत सरकवायची, पात्रांवाकडून एकेक गाणं वदवून घ्यायचं, खूण करायची आणि ते कॉम्प्युटरवर उतरवायला लावायचं. सीडी खराब असली की ड्राइव्ह घरघरायला लागे. भावजींचा हात लगेच थांबवायला जाई. सीडी बाहेर, साबणाच्या पाण्यात, मग माझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने मधून कडेकडे पुसणं. गोल पुसायचं नाही, म्हणायचे, गोल ओरखडा गेला तर गाणंच कापलं जातं. उतरवून झालं की प्रत्येक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः ऐकायचे, कुठे अडखळत नाही ना पाहायला. माझ्याकडे काम एकच, सीडीवर काय लिहिलंय ते वाचून सांगायचं. ते अक्षर ह्यांचं. 'सप्ताह, पहिली रात्र.' 'चवथ, आपल्या घरी.' मी वर्गात हजेरी घ्यावी तशी कोरड्या आवाजात वाचायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची.

पण दारातून दिसायचंच. हेडफोन कानांवर, आणि उजव्या हाताची बोटं मेजाच्या कडेवर पेटी वाजवताहेत. मला एकही सूर ऐकू यायचा नाही. तरी त्या बोटांवरून मला कळायला लागलं, आता अभंग चाललाय, आता हे तान घेताहेत, आता भावजी मुद्दाम मागे राहताहेत दादाला जागा द्यायला. भाजी चिरता चिरता मी थांबायची. घरात अगदी शांत, आणि मेजावर बोटांची टकटक... तेवढं मला सोसायला लागलं.

त्या वर्षी गणपतीच्या चवथीला भजनी मंडळी नेहमीसारखी घरी येणार होती. भावजी म्हणाले, औंदा मशीनवरून दादाच गाईल. मी हो म्हटलं, पण मिक्सर चालू ठेवून आत बसणार हेही बजावलं. ठरल्याप्रमाणे उसळीला लागत नव्हतं तेवढं खोबरं वाटत बसले. मिक्सर थांबला की बाहेरून टाळ ऐकू येत, मी परत बटण दाबायची. मध्येच एकदा थांबवला तर चटयांची सळसळ, माणसं उठल्याचा आवाज. मला वाटलं, भैरवी झाली, सुटले. आमच्याकडे भैरवी म्हणजे शेवट. ती झाली की टाळ खाली, हात जोडायचे, आणि मग चहा. मी ट्रे उचलला आणि बाहेर आले.

घोटाळा भावजींच्या हातून झाला होता. पात्रांवाला इंग्रजीच नीट वाचता येई, म्हणून गाण्यांची नावं त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिली होती आणि पुढे क्रमांक घातले नव्हते. मशीनने आपली अक्षरांप्रमाणे रांग लावून टाकली. आधी सगळे अभंग, आणि 'बी'वरची भैरवी त्यांच्या पाठोपाठ. गौळणी आणि नमन बिचारे मागे. भैरवी कानावर पडली आणि संपली तशी मंडळी सवयीने उठली. म्हाताऱ्या मृदंगवाल्याने टोपीसुद्धा घातली. मी उंबरठ्यावर ट्रे घेऊन उभी, आणि स्पीकरमधून ह्यांचा आवाज आला. गाण्याचा नव्हे, बोलण्याचा. गौळण सुरू करण्याआधी घसा सुकलेला, वैतागलेला.

"चाय खंय पावली गो?"

"हाडली, हाडली," मी म्हणाले. आणली म्हणून तोंडातून निघूनच गेलं. जन्मभर जे उत्तर दिलं तेच दिलं.

भावजींचा हात धडपडत बटणाकडे गेला. "वयनी, चूक झाली..." मी म्हटलं, "बंद करू नका." आणि ह्यांनी गौळण धरली. कोणीतरी माझ्या हातातला ट्रे घेतला. मी तिथेच खाली बसले आणि सगळ्यांसमोर रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. गौळण संपेपर्यंत मृदंगवाल्याने टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

पुढे भावजींनी सगळ्या गाण्यांना क्रमांक देऊन भैरव्या आपापल्या जागी नेऊन बसवल्या. तेवढं एक भजन मात्र मी सांगून तसंच ठेवायला लावलं. दर चवथीला तेच लागायचं. भैरवी झाली की मंडळी मुद्दाम उठून उभी राहायची आणि माझ्याकडे बघायची, हे चहा मागायचे, मी मोठ्याने "हाडली" म्हणायची, आणि हशा पिकायचा. भावजी सगळ्यांत शेवटी हसायचे. मला तेव्हा वाटायचं, त्यांना विनोद उशिरा कळतो.

परवा, सगळे विधी आटोपून पाहुणे गेल्यावर, मी त्यांच्या खोलीत गेले. खुर्चीत बसले. पडदा काळाच होता, तो कसा लावतात ते मला ठाऊक नाही. पण इतकी वर्षं ऐकून बटणं ठाऊक झाली होती. खालच्या बाणावर बोट ठेवून दाबत गेले, पात्रांव एकेक नाव वाचत गेला, भैरवी आली तिथे थांबले आणि लावली. ती संपली. मग ह्यांनी चहा मागितला. मला उत्तर द्यायचं होतं, पण खुर्चीची ती बसून खोलगट झालेली गादी हाताला लागली होती आणि तिची कड चाचपताना ते राहून गेलं. आणि तिथे, जिथे दर वेळी माझं "हाडली" असायचं, तिथे पेटीच्या भात्याच्या आवाजामागून भावजींचा तरुण आवाज आला. हळू, दादाला समजावणारा.

"येता रे दादा. वयनी विसरूची नाय."

प्रत्येक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं. दर चवथीला माझ्या आवाजाखाली ते दबून जात होतं, आणि त्यांनी मला कधी थांबवलं नाही. मी तेवढाच तुकडा पुन्हा लावला... पुन्हा लावला. मग मध्येच पात्रांवाने चार वाजल्याचं सांगितलं, तशी मी उठले. चहा ठेवायचा राहिला होता.