आखाजीचा झोका

बुधवारा पेठेतून दूध आणायला जाताना एक गृहस्थ मला रोज घराच्या ओट्यावर दिसायचे. लकव्याने उजवा हात लुळा पडलेला, तरी त्याच हाताने खिडकीच्या गजाला जाड दोर बांधायचे आणि ओढून बघायचे. गाठ सुटायची. ते पुन्हा बांधायला घ्यायचे. बायकोने ठेवलेला चहा तोवर निवून जायचा.

एकदा मी मदतीला पुढे झालो.

"राहू द्या भाऊ," ते म्हणाले. "आखाजीला पोरगी माहेरी येते. तिचा झोका दरसाल मीच बांधतो."

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी दारातल्या निंबाला झोका होता. गाठ तपासायला म्हणून ते आधी स्वतः बसले, ते उतरेचनात.

"बाबा, झालं ना आता. माझी बारी कधी?" पोरगी म्हणाली.

त्यांनी पायाने आणखी एक रेटा दिला.