उंबरगावचे व्याही पिल्लू निवडायला येतात

कुत्रं घरात येणार नाही, हा सासूबाईंचा कायदा होता. आमच्या डॅशुंड कुत्रीने तो आठवड्याभरात मोडला. आखूड पायांवर लांबुडकं अंग तोलत ती उंबरा चढायची आणि थेट त्यांच्या पलंगाखाली जाऊन पडायची. मग कायद्यात दुरुस्ती झाली, "खाली झोपते, वर नाही ना!" मी मान डोलावली. इतकी वर्षं सून म्हणून काढल्यावर कुठे बोलायचं नाही एवढं तरी कळतं.

घोलवडला आमची चिकूची वाडी. घरामागे पॅकिंगची शेड, रोज दुपारी टेम्पो येतो आणि माल स्टेशनला जातो. कुत्री वयात आली तेव्हा माझ्या नवऱ्याने तिच्यासाठी स्थळ शोधलं ते सीमेपलीकडे, गुजरातमधल्या उंबरगावात. तिथल्या एका किराणा दुकानदाराकडे तपकिरी रंगाचा देखणा डॅशुंड होता. या व्यवहारात एक रीत असते. नराचा मालक पैसे घेत नाही, होणाऱ्या पिलांतलं एक पिल्लू घेतो, आणि पहिली निवड त्याची. त्याने बोट ठेवलं की संपलं. नवऱ्याने फोनवरच होकार देऊन टाकला. सासूबाईंनी तेव्हापासून त्या दुकानदार भाईंना व्याही म्हणायला सुरुवात केली. "मुलाकडचे आहेत, तोरा असणारच," असंही वर म्हणाल्या.

बाळंतपण त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शांत जागा आणि स्वच्छ फडकी पुरेत. पण सासूबाईंनी कुत्रीला नाचणीची पेज पाजली आणि डोक्याला वारा लागू नये म्हणून सुती रुमाल बांधला. तिने तो चावून बाजूला टाकला, यांनी पुन्हा बांधला. हा सामना सकाळभर चालला. शेवटी कुत्री जिंकली, आणि दुपारपर्यंत चार पिलं झाली, ओल्या शेंगदाण्यांसारखी. सासूबाई रुमाल हातात घेऊन रडत होत्या आणि मला दटावत होत्या, "हसतेस काय, पाणी आण!"

खरी पंचाईत पुढे झाली. चारांतला एक तपकिरी नर दूध ओढायला कमी पडायचा. सासूबाई त्याला मांडीवर घेऊन ड्रॉपरने पाजू लागल्या. तो गुटगुटीत झाला तरी मांडी सुटेना. सासरे गेल्यापासून त्या संध्याकाळी ओट्यावर एकट्याच बसायच्या, कोणी शेजारी बसलं तर उठून आत जायच्या. आता त्या त्याच्याशी गप्पा मारत बसायच्या. मी स्वयंपाकघरातून ऐकायची, आणि मला फार बरं वाटायचं.

पण सगळ्यांत देखणा तोच होता. अगदी बापावर गेलेला. भाई आले की त्यालाच उचलणार, याविषयी घरात कुणालाच शंका नव्हती. सासूबाईंनी एकदाच विचारलं, "दुसरं नाही का चालणार त्यांना?" नवरा म्हणाला, "आई, शब्द दिलाय." त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की मला भीती वाटते.

भाई आले तो दिवस. चहा झाला, गुजरातीत-मराठीत हवापाण्याच्या गप्पा झाल्या, पिलं ओट्यावर आणली. तीनच. नवरा माझ्याकडे बघतोय, मी सासूबाईंकडे, आणि सासूबाई छताकडे.

"चौथं?" भाईंनी विचारलं.

"झोपलंय कुठेतरी," सासूबाई म्हणाल्या. "लहान मुलंच ती."

तेवढ्यात कुत्री शेडकडे धावली आणि एका रिकाम्या जागेभोवती गोल गोल फिरत भुंकायला लागली. सासूबाई मागोमाग गेल्या. ती जागा बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"अगं बाई! टेम्पो!"

मग सगळं बाहेर आलं. त्याला पोटभर पाजून, झोपवून त्यांनी शेडमधल्या एका अर्ध्या भरलेल्या क्रेटमध्ये, चिकूंवर गोणपाट टाकून ठेवलं होतं आणि वर कागद झाकला होता. उरलेला माल उद्या जाईल असा त्यांचा हिशेब. पण आमच्या माणसांनी अर्धी क्रेट नेहमीसारखी सगळ्यांच्या वर चढवली आणि टेम्पो कधीच निघून गेला होता. उभा जन्म चिकूच्या वाडीत गेलेल्या बाईने पिल्लू लपवायला जागा शोधली ती ही!

नवऱ्याची मोटारसायकल सुरू होईना. भाईंनी एक शब्दही न विचारता गाडी काढली. "अरे बा, बसो बसो!" ते सासूबाईंना म्हणाले. सासूबाई चपला न घालताच पुढे बसल्या, मी मागे. वाटेत त्या एकसारख्या देवाला काहीतरी कबूल करत होत्या. नारळ तर होताच, पण साखर सोडण्यापर्यंतही गेल्या.

स्टेशनच्या आवारात टेम्पोभोवती घोळका जमला होता. आमचे साहेब हमालाच्या खांद्यावर बसले होते, थोबाड चिकूच्या गराने बरबटलेलं, एक बिस्कीट खाऊन दुसऱ्याची वाट बघत. दोन चिकू त्यांनी आधीच फस्त केले होते. सासूबाईंनी त्याला पदरात घेतलं, एक हलकी चापट मारली आणि लगेच मुका घेतला.

मग त्या भाईंकडे वळल्या. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "घ्या," त्या म्हणाल्या, आणि हात पुढे केले.  

भाई गोंधळले. "याला घेऊन काय करू, बा? मारे तो मादी जोइए! तुमच्या मुलाला पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं मी, मादी पाहिजे म्हणून."

नवरा ते साफ विसरला होता, आम्हाला सांगितलंच नव्हतं. घरी पोचल्यावर त्याच्यावर जो वर्षाव झाला तो इथे लिहीत नाही.

मादी एकच होती, काळीभोर आणि भांडकुदळ. रोज सासूबाईंच्या लुगड्याचा काठ ओढायची, त्या तिला अवदसा म्हणायच्या. भाईंनी तिला उचललं. सासूबाई आत गेल्या आणि वाटीत दही-साखर घेऊन आल्या. बोटाने तिला चाटवली. तिच्या आईच्या अंथरुणातलं एक फडकं तिच्याभोवती गुंडाळलं, म्हणजे रात्री वास येईल आणि रडणार नाही. "भाई, हिला जेवताना आधी हिची बशी द्या, नाहीतर ती दुसऱ्याच्या बशीवर तुटून पडते," एवढं सांगेपर्यंत त्या रडायलाच लागल्या.

गाडी वळणाआड गेली. तपकिरी पिल्लू त्यांच्या काखेत घोरत होतं.

"आई, रडता काय?" मी म्हटलं. "तुमचा तर राहिला ना!"

त्यांनी पदराने नाक पुसलं.

"एकच लपवला, तिथंच चुकलं गं. चारही लपवायला हवी होती."