दादांना न विचारता

हरिशंकरपुरममधल्या त्या छोट्या ऑफिसात हेमेंद्रदादांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. शीतगृहांचं तापमान सांभाळणारा ऑफिसचा प्रोग्राम चालायचा तो दादांनीच घडवलेल्या संगणकी भाषेवर. लिस्प नावाच्या जुन्या संगणकी भाषेच्या वळणाची, सगळा कारभार कंसांत. काही व्याख्या कायमच्या: बटाटा दोन अंशांच्या खाली नाही, चारच्या वर नाही. पण भाषा कुणाला अडवत नव्हती, अडवायचे दादा. "मर्यादेला हात कुणी लावला रे?" अशी आरोळी आली की पोरं जागच्या जागी गार! म्हणून जो तो आधी त्यांच्या टेबलाशी यायचा. "दादा, हे बदलू?" दादा चष्मा पुसत खुशाल वेळ घ्यायचे. तेवढंच तर सुख होतं माणसाला.

आणि ही सोनिका! येऊन वर्ष झालं नाही, तर तिनं भाषेतच बंदोबस्त केला. मर्यादेचं नाव एकदा कायम म्हणून बांधलं की त्याची पुन्हा व्याख्या करताच भाषा साफ नकार देणार. मालकीणबाई शालिनीताईंनी सगळ्यांना बेडई-जिलबी खिलवली. दादांनी आपली बशी बाजूला सारली. जळफळाट नुसता! भाषा माझी आणि कौतुक हिचं?

मग ते तिच्या कामात खोट शोधत बसले, आणि सापडली की! नाव पक्कं होतं, पण नावाखालची आकड्यांची यादी मोकळीच. पेटीला कुलूप घालून मागची फळी सैल सोडावी, तसलं काम. दादांनी सगळ्यांदेखत यादीतला चार काढून चौदा घातला. भाषेनं हूं की चूं केलं नाही. "बघा हिचं कायम!"

तिचं तोंड उतरेल म्हणून ते बघत राहिले. पण ती टाळी वाजवून उठली. "अरे वा दादा! ये तो मैंने सोचा ही नहीं था. पुन्हा दाखवा ना!" खरोखर खूश होती बया. संध्याकाळपर्यंत तिनं यादीही आतपर्यंत गोठवली, आता एक आकडा हलेना. चूक दाखवल्यावर इतकं खूश होता येतं? दादांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. त्याचाच त्यांना जास्त हेवा वाटला.

पुढच्या आठवड्यात मोरारच्या शीतगृहाची मर्यादा खरोखरच बदलायची होती. दादांनी सवयीनं नवी व्याख्या टाकली. भाषेनं त्यांनाही अडवलं. मूळ व्याख्या बदलून सगळं नव्यानं कसं सुरू करायचं, ते आता सोनिकालाच ठाऊक. दादा तिच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. ती फोनवर बोलत होती. तिनं हातानंच खूण केली, जरा थांबा.

दादा थांबले.