उभ्यानं चालवायचं मशीन

माझे वडील जत्रांमध्ये मौत का कुआँ चालवायचे. लाकडी फळ्यांची गोल विहीर, आतल्या उभ्या भिंतीवर गरगर फिरणाऱ्या मोटारसायकली आणि वरच्या कठड्यावरून वाकून बघणारी माणसं. आमचं घर दौंडचं, पण हंगामात आम्ही घरी फारसे नसायचोच. माझी दहावी झाली आणि अब्बांनी मला भिंतीवर चढवलं. पोरगी हात सोडून गाडी चालवते म्हटल्यावर गर्दी वाढते, हे त्यांनी हेरलं होतं. मलाही ते आवडायचं. पुढं एका जत्रेत फळीवर सांडलेल्या ऑइलवरून मागचं चाक सटकलं आणि मी तळाला येऊन पडले. डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. पट्ट्या आणि स्क्रू घालून डॉक्टरांनी तो बसवला, पण तो पुरता वाकत नाही. या पायावर पुन्हा जमिनीवर आपटायचं नाही, असं त्यांनी बजावलं. अब्बांनी विहीर विकली आणि घराजवळ वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप टाकलं.

लग्न करून मी दौंडमध्येच राहिले. नवरा रेल्वेत आहे. मी बायकांना स्कूटर शिकवते. मैदानाच्या कडेला उभी राहून ‘काकू, ब्रेकवरची बोटं काढू नका’ असं सकाळी सकाळी ओरडणारी बाई दिसली, तर ती मीच. काम चांगलं आहे, चार बायका ओळखतात, मान देतात. पण दुसऱ्याची गाडी हलली की माझा उजवा हात आपोआप मूठ पिळल्यासारखा वळतो, हे माझं मला ठाऊक.

मागच्या दिवाळीत आम्ही मालवणला गेलो. तिथं किनाऱ्यापासून थोडं आत एक माणूस वेगळीच जेट स्की चालवत होता. तिला सीटच नव्हती. मागं उघडा ट्रे, त्यात उभं राहायचं. पुढून एक लांब दांडा येतो, त्याच्या टोकाला हँडल, आणि तो दांडा वरखाली होतो. तो माणूस लाटेवरून उडाला, हवेत मशीन फिरवायला गेला, साधलं नाही, आणि पाठीवर पडला. मनगटाला बांधलेली दोरी सुटली तसं इंजिन बंद झालं आणि मशीन तिथंच डुलत राहिलं. तो पोहत आला, चढला, पुन्हा तेच करायला गेला, पुन्हा पडला. नवरा शहाळं घेऊन आला तरी मी तिथंच उभी. त्याच्या उड्यांपेक्षा त्याचं पडणं मी बघत होते. आमच्या धंद्यात पडणं एकदाच परवडायचं.

दौंडला आल्यावर मी आधी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी पाय तपासला, मांडीचे व्यायाम दिले, ते नीट करून दाखव म्हणाले. मी केले. मग त्यांनी पाण्यापुरती परवानगी दिली. मला तसं मशीन चालवायचंय, हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं हेल्मेट आणि लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात पाय टाकायचा नाही एवढं कबूल करून घेतलं. पोहायला येतं का, हे त्यानं विचारलं नाही. भीमेत मी कशी पोहते ते त्यानं पाहिलेलं आहे.

नवीन मशीन आमच्या आवाक्याबाहेरचं होतं, आणि अशी मशिनं आपल्याकडं मुळात थोडी. वापरलेलंच शोधायचं ठरलं. अब्बांना सांगितलं आणि त्यांच्या अंगात एकदम बळ आलं. वर्कशॉपमधली कामं बाजूला ठेवून ते फोन लावू लागले. त्यांच्या जुन्या ओळखीतून केडगावच्या एका माणसाचा पत्ता लागला. तो बरीच वर्षं कोकणात वॉटर स्पोर्ट्समध्ये होता, आता शेती बघायला घरी परतला होता आणि येताना स्वतःचं मशीन घेऊन आला होता.

ते मशीन मी कधी विसरणार नाही. काळं, नारिंगी पट्ट्यांचं, बुटकं आणि हलकं. नुसत्या कसरतींसाठीच बांधलेलं. मूळ इंजिन काढून मोठं बसवलेलं. अशी इंजिनं पाण्याबाहेर फार वेळ चालवत नाहीत, म्हणून त्यानं अंगणात क्षणभर सुरू करून बंद केलं. तेवढ्यात रस्त्यानं जाणारे दोघंतिघं थांबून फाटकाशी आले. मी अब्बांकडं पाहिलं. जत्रेत पहिली गाडी भिंतीला लागायची तेव्हा त्यांचा चेहरा असा व्हायचा.

घरात आम्ही आमची दखनी हिंदी बोलतो, इथं मराठीत लिहिते. हेच घ्यायचं, असं अब्बा माझ्या कानाशी म्हणाले. मी म्हटलं, आधी कॉम्प्रेशन बघू, सिलिंडर दाब धरतात का ते. अब्बांनी प्लग काढून गेज लावलं. एका सिलिंडरवर काटा चांगला वर गेला, दुसऱ्यावर बराच खाली थांबला. अब्बांच्या मते त्यात काही अवघड नव्हतं, रिंगा बदलल्या की झालं. दांडा जिथं बॉडीला जोडतात तिथं फायबरचं ठिगळ दिसत होतं. विकणाऱ्यानं काही लपवलं नाही. उंचावरून आपटून तिथं तडा गेला होता, खाऱ्या पाण्यात आतले नट गंजले होते, साधं पेट्रोल या इंजिनाला सोसत नव्हतं, सगळं त्यानं स्वतःहून सांगितलं. आणि म्हणाला, पाण्यात चालवून बघा, मग ठरवा.

पुढच्या सुट्टीला तो त्याच्या नेहमीच्या जागी, दौंडच्या खाली भीमेचं पाणी पसरतं तिथं, मशीन घेऊन आला. मी पाण्यात उतरून कोपरं ट्रेवर टाकली तर मशीन माझ्या वजनानं खालीच बसलं. एवढं छोटं मशीन स्वतःहून फारसं तरंगत नाही. रेस दिली तरच वर येतं. म्हणजे रेस द्यायची आणि त्याच झटक्यात दोन्ही गुडघे आत ओढायचे. माझा डावा गुडघा ओढला जाईना. मशीन हातातून निसटून पुढं जायचं, मी मागं पाण्यात. पुन्हा पोहायचं, पुन्हा धरायचं. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी झटले. उभं राहणं सोडा, एकदाही दोन्ही गुडघे ट्रेमध्ये गेले नाहीत.

केडगावचा माणूस मशीन काठाशी ओढत म्हणाला, “ताई, मशीन वाईट न्हाई. पण हे शिकायचं न्हाई. ज्याला येतं त्याचं हाय.”

मी त्याला विचारलं, मग शिकायचं कशावर. त्यानं शिरूरकडच्या एका शेतकऱ्याचं नाव सांगितलं. घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या बाजूला त्यांचं कृषी पर्यटन होतं. तिथं एक जुनं, लांब, कंपनीनं केलं तसंच असलेलं मशीन धूळ खात पडलं होतं. त्यावर हवेतल्या उड्या सहजी होणार नाहीत, हेही त्यानं सांगितलं. पण जड मशीनवर जो शिकतो, त्याला पुढं हलकं जड जात नाही.

अब्बा हे ऐकत होते. माणूस लांब गेल्यावर म्हणाले, “आवाज ऐकला का तू त्याचा? रस्त्यावरची माणसं उभी राहिली. पब्लिक आवाजाला येतं.”

“पब्लिक कुठंय अब्बा यात? मला चालवायचंय.”

 तो आठवडा अब्बा माझ्याशी कामापुरतंच बोलले. मलाही ते बुटकं मशीन सोडताना वाईट वाटलं, हे खोटं का सांगू. मालवणच्या माणसासारखं हवेत फिरायचं तर तेच हवं होतं. स्कूटरच्या मैदानावर उभी असताना त्याची नारिंगी पट्टी डोळ्यांपुढं यायची. पण मला ते नुसतं अंगणात ठेवायचं नव्हतं. जे मला आज पाण्यात उभं करील ते आधी, उड्या नंतर, एवढं मी पक्कं केलं.

शिरूरला जाताना अब्बा आले. नको म्हणतील असं वाटलं होतं, पण गेजची पेटी घेऊन आधीच गाडीत बसले होते.

शेतकरी साठीचे होते, आजूबाजूला सगळे त्यांना आप्पा म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागले. एक पर्यटन केंद्र बंद झालं तेव्हा त्यांनी दोन बोटींबरोबर हे मशीनही घेतलं होतं. पण येणाऱ्या पाहुण्यांपैकी कुणाला त्यावर उभंच राहता येईना. ते पत्र्याच्या शेडमध्ये, शेडनेटच्या फाटक्या तुकड्याखाली पडून होतं. पांढरा रंग पिवळा पडलेला, ट्रेच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं सुकलेलं पोळं.

“भाई, पोरासाठी घेताय व्हय?” आप्पांनी अब्बांना विचारलं.

“न्हाई,” अब्बा म्हणाले. “पोरीसाठी. ही काय, तुमच्यासमोर उभी हाय.”

आप्पांनी माझ्या पायाकडं पाहिलं. मी चालताना पाय किंचित ओढत टाकते, ते त्यांनी टिपलं होतं. पायाचं काय, असं त्यांनी भीतभीतच विचारलं. पाय असाच राहणार आहे, आपण मशीन बघू, असं मी म्हणाले, आणि त्यांनी शेडनेट ओढून काढलं.

एक प्लग अडकून बसला होता, तो निघायलाच वेळ गेला. दोन्ही सिलिंडरवर काटा फार वर गेला नाही, पण दोन्हीकडं सारखाच थांबला. खाली पाणी फेकणारा पंप असतो, त्याच्या पात्यांच्या कडा वाळूगोट्यांनी खाल्ल्या होत्या. बॉडीला ओरखडे होते, तडा कुठंच नव्हता. अब्बा जमिनीवर आडवे होऊन टॉर्चनं आत बघत राहिले. इंजिन ज्यावर बसवतात ते रबर त्यांनी हातानं हलवून पाहिले, नट गंजले नव्हते. हे मशीन बहुतेक गोड्या पाण्यातच वापरलं होतं. फक्त टाकीतलं जुनं पेट्रोल कुजून कार्बोरेटर चिकटला होता, त्यामुळं त्या दिवशी ते सुरूच झालं नाही. अब्बांनी कार्बोरेटर साफ करायला घरी आणला.

येताना ते म्हणाले, “म्हस हाय ती नुसती.”

“म्हस बुडत न्हाई, अब्बा.”

ते हसले नाहीत, पण कार्बोरेटर त्यांनी दुसऱ्याच दिवशी साफ केला.

पुढच्या खेपेला मशीन पाण्यात ढकललं तर ते लाकडाच्या ओंडक्यासारखं शांत पडून राहिलं. मी पोट टेकवलं, कोपरं टेकवली, तरी खाली गेलं नाही. व्हिडिओत सगळे दोन्ही गुडघ्यांवर येतात. ते मला जमणार नाही हे भीमेत कळलं होतं, म्हणून मी उजवा गुडघाच आत घेतला आणि डावा पाय सरळ मागं पाण्यात सोडून दिला. हळूच रेस दिली. मशीन पुढं सरकलं, नाक वर आलं, खाली बसलं. मी डावा पाय तसाच ताठ ओढून ट्रेच्या कडेला टेकवला, हँडल छातीशी घेतलं आणि उठायला गेले. पडले. मग तेच पुन्हा. पडताना पाणी तोंडावर चापटीसारखं बसायचं आणि गुडघ्याला काहीच होत नव्हतं. अब्बा पँट दुमडून पाण्यात आले होते, मशीन माझ्याकडं वळवून द्यायचे.

कधीतरी मी उठले. खांदे आखडलेले, कंबर वाकडी, पण दोन पायांवर. मशीन सरळ पळत होतं, दोन्ही बाजूंना घोडचं पाणी, समोर पलीकडच्या काठाचा ऊस जवळ येत होता. वळवायला गेले आणि डोक्यावर पडले. वर आले तेव्हा मला इतकं हसू येत होतं की नाकातोंडात पाणी गेलं.

काठावर येऊन मी आप्पांना सांगितलं, हे मी घेते. कागद माझ्या नावावर करायचे, एवढी एक अट मी घातली. ते म्हणाले, कागद करू, आणि मशीन हवं तर इथंच राहू द्या. त्यांच्या बोटींना ज्या पट्ट्यात परवानगी आहे, तिथंच मला चालवता येईल. अब्बांनी व्यवहारात तोंड घातलं नाही. टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि प्लग पुसत बसले.

पुढं त्यांनीच त्या मशीनला माझ्यासाठी बदललं. दांड्याचा कोन माझ्या उंचीला बसेल असा केला, हँडल रुंद केलं. ट्रेमध्ये उजव्या पायाला अडकवायचा पट्टा बसवला, डाव्याला मुद्दाम काही बसवलं नाही, पडताना तो पाय मोकळा सुटला पाहिजे. पंपाची पाती बदलली. थंडीभर मी फक्त उभं राहणं आणि वळणं शिकले. उन्हाळ्यात जागच्या जागी गिरकी जमू लागली. मग नाक पाण्यात खुपसून मशीनसकट खाली जायचं आणि उसळून वर यायचं, हेही जमलं. पहिल्यांदा वर आले तेव्हा नवरा काठावर होता. तो आधी घाबरून उभा राहिला आणि मग खाली बसला. एका रविवारी त्यानंही प्रयत्न करून पाहिला, दिवसभर पडला, आणि त्यानंतर पुन्हा म्हणून हट्ट धरला नाही.

आता मी कुशीवरच्या पलटीच्या, म्हणजे हवेत मशीनसकट आडवा पूर्ण फेरा घेण्याच्या मागं लागले आहे. मशीन लांब आणि जड, सपाट पाण्यावरून उचललं जात नाही, म्हणून आप्पांची बोट पुढून गेली की तिच्या लाटेवर ते चढवते आणि खांदा टाकते. अर्ध्यावर मशीन आडवं होतं आणि मी पाण्यात जाते. दंडांवर निळे डाग असतात, स्कूटर शिकणाऱ्या बायका विचारतात, मी खरं ते सांगते. गेल्या रविवारी ते अर्ध्याच्या थोडं पुढं गेलं, असं मला वाटलं. काठावरच्या अब्बांना हाक मारून विचारलं.

“न्हाई,” ते म्हणाले. “मघा होतं तेवढंच.”

आप्पांची बोट पलीकडं वळत होती. मी पोहत मशीनकडं गेले आणि उजवा गुडघा आत घेतला.