वाघनगरीच्या वाटेवरचे ठसे

ग्रुपवाल्यांनो, भांडण जरा थांबवा आणि हे वाचा.

पार्कातल्या नव्या, सिमेंटच्या वाघांच्या ‘वाघनगरी’ची आपण दोन वर्षं वाट पाहिली. परवा तिथल्या सिमेंटच्या वाटेवरच्या ठशांचा फोटो आला आणि आपली जुंपली. अर्धे म्हणाले, काय कारागिरी आहे! अर्धे म्हणाले, वाघाचा पंजा एवढा मोठा असतो का?

आज दुपारी मी स्वतः जाऊन आलो. एकोडी गावचे एक मिस्त्रीकाका काम करत होते. विचारलं, "काका, हे ठसे कोणी काढले?"

"मोठ्यानं."

मला वाटलं, मोठे साहेब. म्हटलं, "साहेबाले मस्त जमलं!"

काकांनी थापी खाली ठेवली. "साहेब नाई बापू. जंगलाच्या कडेले आमी त्याचं नाव नाई घेत, मोठाच म्हणतो. मी ओलं सिमेंट सोडून घरी गेलो, सकाळी आलो तं हे असं."

"मग बुजवले काहून नाही?"

"बुजवूनच राहिलो होतो. मॅनेजर म्हणे, राहू द्या, फोटोले लई लाईक येऊन राहिले."

त्यातला पहिला लाईक माझा होता.

मग काकांनी काल संध्याकाळी घातलेला नवा तुकडा दाखवला. त्यावरही तेच ठसे, नकली गुहेच्या आत जाणारे. बाहेर येणारा एकही नव्हता.

मॅनेजरला सांगितलं, तर तो हसला. रविवारी उद्घाटन आहे आणि त्याच गुहेतून आधी लहान लेकरांना सोडणार आहेत.

वनखात्याला मी फोन केलाय. तुम्हीही करता, की अजून पंजाच मोजत बसता?