गोराईच्या बंगलीतला उतारा

रत्नप्रभाला त्या सिनेमावाल्यांचा पहिल्या दिवसापासून संशय आला, आणि तिचं काही चुकलं असं म्हणवत नाही. सहा माणसं, एक कॅमेरा आणि दोन पत्र्याच्या पेट्या, एवढ्यावर कुणी सिनेमा काढतं का? नाचगाणं नाही, मारामारी नाही. प्रेमा नावाची एकच नटी, आणि ती बिचारी दिवसभर लाकडी बंगलीत एकटी घाबरत बसायची. खिडक्यांना आतून काळी कापडं लावलेली. दिग्दर्शक चंद्रप्रकाश दाढी कुरवाळत म्हणायचा, "हा मनाचा खेळ आहे, वहिनी. यात भूत नाही, फक्त संशय." हे ऐकून वहिनींचा जीव आणखीच टांगणीला लागला.

बंगली कुणा शेठची. गोराईच्या कोळीवाड्यापासून लांब, सुरूच्या बनात. शेठ वर्षातून एकदा यायचा, एरवी दशरथ तोंडवळकर आणि त्याची बायको रत्नप्रभा मागच्या खोलीत राहून ती राखायची. आधी दोघं कांजूरमार्गच्या चाळीत होती. ब्याऐंशी सालच्या संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि दशरथ भिंतीला टेकून बसला तो दोन वर्षं. दारू नाही, भांडण नाही, नुसता बसून. रत्नप्रभा लोकांचे डबे करून घर ओढत होती. शेजारचा लहू असाच बसायचा, आणि एका सकाळी चपला पायात सरकवून निघून गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून रत्नप्रभाच्या डोक्यात एकच किडा वळवळायचा: आपला माणूस डोक्याने जाणार. गोराईला आल्यावर वर्षभरात दशरथ जरा माणसात आला होता. झाडाला पाणी घालायचा, कोळणींशी थट्टा करायचा. आणि नेमके तेव्हा हे दाढीवाले लाँचमधून उतरले.

मुहूर्ताला चंद्रप्रकाशने नारळावर सगळ्यांचे हात ठेवून घेतले आणि गोष्ट बाहेर फुटू देणार नाही असा शब्द घेतला. मंडळींनी हसत हसत हात ठेवले. मग त्याने दशरथलाही बोलावलं. दशरथने डोळे मिटून गावच्या रवळनाथाचं नाव घेतलं आणि मग हात ठेवला. राखणदाराला कसला आलाय शब्द, असं रत्नप्रभाच्या मनात आलं. आपल्या नवऱ्याला हे लोक सामान उचलायला वापरतात एवढंच तिला माहीत होतं.

दोन दिवसांनी दशरथ बदलला. प्रेमा समुद्रावर फिरायला निघाली की हा सुरूच्या खोडाआड उभा. ती माडीवर गेली की याची नजर माडीच्या खिडकीवर. चालताना एक पाय ओढायला लागला. आधी रत्नप्रभाला वाटलं, म्हातारचळ लागला. तिने सरळ विचारलं.

"त्या चेडवाकडे काय बघतास तुमी?"

"काय नाय."

"काय नाय कसा? डोळे फुटले नाय हत माझे!"

"शब्द दिलेलो आसा गो. इचारू नको."

पोरीवर नजर गेली असती तर बरं, असं तिला वाटायची पाळी पुढे आली. विहिरीवर पाणी काढायला गेली तर दशरथ पाठमोरा, आत वाकून बोलत होता. "दार उघड. तू आत आहेस, मला ठाऊक आहे. ह्या घरात तुझ्याशिवाय आणखी कुणीतरी आहे."

रत्नप्रभाच्या हातातून कळशीच निसटली. आहेस! ठाऊक! लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून तिने असलं मराठी ऐकलं नव्हतं. गिरणीतल्या साहेबाशीसुद्धा तो मालवणीतच वाद घालायचा. आवाज नवऱ्याचा आणि भाषा दुसऱ्याच कुणाची तरी. म्हणजे आत बोलणारा वेगळा आहे, यात तिला शंका उरली नाही. माणूस वेडा होतो तेव्हा निदान आपल्याच भाषेत होतो.

मासळी घेऊन येणाऱ्या सखुबाईला तिने रडत रडत सगळं सांगितलं. सखुबाईने टोपली खाली ठेवली, बनाकडे एकदा पाहिलं आणि निकाल दिला. "बाय, बनातला वारा लागला त्याला. उतारा टाक नि मोकळी हो."

तिन्हीसांजेला रत्नप्रभाने दशरथ निजला होता तिथेच त्याच्यावरून उतारा ओवाळला. भाताचा मुटका, अंडं, कापलेलं लिंबू, वर पिंजर. उतारा टाकणाऱ्याने कुणाशी बोलायचं नसतं आणि मागे वळून बघायचं नसतं. तिने दोन्ही पाळलं. बंगलीच्या फाटकापाशी तीन वाटा फुटतात तिथे पत्रावळ ठेवली आणि खाली मान घालून घरी आली. मागे बघितलं असतं तर समुद्राकडून येणारी प्रेमा तिला दिसली असती.

किंकाळी ऐकून सगळे धावले. प्रेमा फाटकाला धरून उभी होती. "हा माणूस चार दिवस माझ्या मागावर आहे! जाईन तिथे बघत असतो. आणि आता ही करणी! मी उद्याच्या लाँचने चालले, मला नको तुमचा सिनेमा." कॅमेरावाला नाना अंगाने आडदांड. त्याने झोपेतून उठून आलेल्या दशरथची कॉलर धरली. "बोल रे, काय चाललंय तुझं?"

दशरथ चंद्रप्रकाशकडे बघत राहिला. चंद्रप्रकाश दशरथकडे बघतच नव्हता. तो प्रेमाच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि हळूच म्हणाला, "नाना, त्याला सोड आणि कॅमेरा आण. हीच भीती पाहिजे मला." असल्या माणसाच्या कानाखाली वाजवावी, पण तिथे कुणाला सुचलं नाही. नानाने कॉलर सोडली नाही. दशरथने तोंड उघडलं नाही.

मग रत्नप्रभा मध्ये पडली. "सोडा त्यांका! उतारा मी ठेवलंय. ह्या बाईसाठी नाय. घोवासाठी ठेवलंय."

"घोवासाठी? का?" नानाने विचारलं.

"त्यांच्या आत कोणतरी बोलता. आमचे हे पुस्तकातला बोलणत नाय."

आता चंद्रप्रकाशला सांगावंच लागलं. सिनेमातला वेडा, लंगडा राखणदार म्हणजे दशरथच, आणि हे त्याने मंडळींनाही सांगितलं नव्हतं. विहिरीवरची वाक्यं म्हणजे त्याचं पाठांतर. प्रेमाला खरी धास्ती वाटावी म्हणून कॅमेरा नसतानाही तिच्यावर नजर ठेव, असं त्याने दशरथला बजावलं होतं. नानाला हसू फुटलं आणि सगळेच हसायला लागले. प्रेमाने आधी चंद्रप्रकाशला दोन शिव्या हासडल्या, मग तीही हसली. नानाने दशरथची कॉलर नीट केली. "काय ॲक्टिंग केलीस यार! बायकोची पण वाट लावलीस!"

दशरथ हसला नाही. तो न लंगडता, सरळ चालत मागच्या खोलीत गेला आणि भिंतीला टेकून बसला.

रत्नप्रभाने ताट वाढलं. त्याने ते पुढे ओढलंही नाही. तिला वाटलं, संपलं. दोन वर्षांनी आपला माणूस आपल्याला मिळाला होता, त्याला कुणीतरी काम दिलं होतं, नारळावर हात ठेवून घेतला होता, आणि आपण चारचौघांत त्याला वेडा ठरवून मोकळ्या झालो. तिला स्वतःची लाज वाटली आणि रडूही आवरेना.

ताटाकडे बघतच तो बोलला. "दोन वर्सां मी असोच बसान होतंय. तेव्हा तुका माझी भीती वाटली नाय. आता काम गावला, तर वाटली?"

"तेव्हाय वाटायची," ती म्हणाली. "रोज वाटायची. डबे पोचवून येताना चाळीच्या दारातूनच आधी तुमच्या चपला बघी. असल्या म्हणजे मगे आत येय."

दशरथने मान वर केली. ही बाई रोज हसत घरात शिरायची, एवढंच त्याला ठाऊक होतं. तो उठला, ताट दोघांच्या मधे ठेवलं आणि तिच्या शेजारी येऊन बसला.

"जेव," तो म्हणाला. "मगे तुका माझी वाक्यां म्हणान दाखवतंय."